कीफ्रेम सोडवत नाहीत आणि डिरेक्टर व्हायचंय

पत्र असं आलंय, थोडं कमी करून देते:

"ताई, मी २९ वर्षांचा आहे, कोल्हापुरात राजारामपुरीत घरातल्याच एका खोलीत बसून फ्रीलान्स मोशन ग्राफिक्स, म्हणजे हलत्या चित्रा-अक्षरांचे व्हिडिओ करतो. आर्टचं शिक्षण इथलंच, आफ्टर इफेक्ट्स हे ॲनिमेशनचं सॉफ्टवेअर यूट्यूबवरनं शिकलो. फाउंड्री, सराफ, शोरूम, क्लासेस, सगळ्यांचे व्हिडिओ केले. आता पुण्याच्या एका एजन्सीनं एका कंपनीचं पूर्ण लाँच माझ्याकडं दिलंय, मेन फिल्म, सोशल मीडियाचे तुकडे, एक्झिबिशनच्या स्टॉलवर लावायचा लूप, सगळं, आणि म्हणाले की यावेळी तूच क्रिएटिव्ह डिरेक्टर. मी दोन ज्युनियर पोरं घेतली. पण त्यांनी केलेलं मला पटत नाही, मग रात्री बसून सगळं परत मीच करतो. रेट सेकंदावर ठरलाय. त्याच एजन्सीचे मागच्या कामाचे पैसे तीन महिने झाले अजून आले नाहीत. इथला क्लायंट म्हणतो एवढ्याशा व्हिडिओला एवढे पैसे होय? घरचे म्हणतात पुण्याला नोकरी बघ. मी स्वतःला क्रिएटिव्ह डिरेक्टर म्हणावं का उगाच मोठं नाव लावून फिरतोय, कळंना झालंय. सोबत ज्युनियरची आणि माझी अशा दोन क्लिप पाठवतोय, बघा."

भावा, दोन्ही क्लिप बघितल्या, आणि बरं झालं तू पाठवल्यास, कारण पत्रात तू विचारतोयस नावाबद्दल पण तुझा खरा घोळ त्या क्लिपमध्ये दिसतो. तू एका कामाच्या पैशात दोन कामं घेतलीस. एक काम हातानं करायचं, ॲनिमेशनचं, ते तुला येतं आणि चांगलं येतं. दुसरं ठरवायचं काम, काय दाखवायचं, काय नाही, कुठला शॉट किती वेळ थांबणार, कोण काय करणार, आणि क्लायंटनं का म्हणून विचारलं तर उत्तर कोण देणार. हे दुसरं काम सध्या कोणीच करत नाहीये, कारण त्याचा वेळ तू पहिल्या कामात घालवतोस, आणि त्याचे पैसेही कुणी देत नाहीये कारण तुझ्या कोटेशनमध्ये ते लिहिलेलंच नाही. बाकी सगळं, रात्रीची जागरणं, पोरांवरची चिडचिड, एजन्सीची टोलवाटोलवी, त्यातनंच आलंय असं मला वाटतं.

आधी पोरांचं बोलू कारण ते सगळ्यात महत्त्वाचं आहे.

फाउंड्रीचा शॉट घे. लॅडल, म्हणजे धातूचा रस ओतायचं भांडं, वाकतं, वितळलेला रस साच्यात पडतो, त्या लाल उजेडातनं कंपनीचा लोगो येतो. कल्पना चांगली आहे. ज्युनियरच्या क्लिपमध्ये काय झालंय, लॅडल १२ फ्रेममध्ये वाकतंय, सेकंदाला २५ फ्रेमच्या टाइमलाइनवर म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत, आणि सगळ्या कीफ्रेमना, म्हणजे हालचाल ठरवणाऱ्या खुणांना, सरसकट ईझी ईझ हे तयार सेटिंग मारलंय, त्यामुळं लॅडल, ठिणग्या, लोगो, खालची टॅगलाइन सगळं एकाच चालीनं हलतंय, आणि शेवटी लोगो येऊन रबरी चेंडूगत उसळतो. तुला ते खटकलं हे बरोबरच आहे. पण तू त्याला लिहिलंस काय? "फील येत नाहीये, जरा स्मूथ कर, प्रीमियम वाटू दे." आता त्या पोरानं याचं काय करायचं सांग बघू. त्यानं ब्लर वाढवला, ग्लो वाढवला, परत पाठवलं, तू परत नाही म्हणालास, आणि रात्री दोनला स्वतःच ग्राफ एडिटर, तो वेगाचा आलेख, उघडून बसलास.

तुझ्या क्लिपमध्ये तू नेमकं काय बदललंस ते मी फ्रेम फ्रेम सरकवून बघितलं. सुरुवातीला लॅडल जेमतेम हलतंय, मग त्याला वेग येतो, रस पडायला लागला की वाकणं हळूहळू मंदावतं पण एकदम थांबत नाही. लोगोची उसळी काढलीस, तो नुसता येऊन बसतो. टॅगलाइन लोगो बसल्यावर येते, आधी नाही. बास, एवढंच. म्हणजे तुला कारण माहीत होतं भावा, तू फक्त ते सांगितलं नाहीस. त्याला असं लिहिलं असतंस तर: "लॅडल भरलेलं आहे, जड आहे. पहिल्या १५ फ्रेम हललंय का नाही अशी शंका यायला पाहिजे. रस पडायला लागल्यावर वाकणं सावकाश थांबव. लोखंड उसळत नाही म्हणून लोगो पण उसळणार नाही. टॅगलाइन शेवटी." चार वाक्यं आहेत. हे वाचून पोरगं एका तासात तुझ्या जवळपास पोहोचलं असतं, आणि मुख्य म्हणजे पुढच्या शॉटला वजनाचा विचार त्यानं स्वतःहून केला असता. डिरेक्टरचं काम मला विचारशील तर बरंचसं इथंच आहे, डोळ्याला जे खटकलं त्याचं कारण दुसऱ्याच्या हाताला कळेल असं सांगणं. त्याची सवय लागायला वेळ लागतो, पहिल्यांदा लिहायला बसलास की वाटेल याच्यापेक्षा मी केलं तर लवकर होईल, आणि खरंच होईल, पण या लाँचमध्ये तसले तुकडे किती आहेत बघ, किती रात्री बसणार आहेस?

आणि एक नियम कर स्वतःला. ज्युनियरच्या फाइलमध्ये तू हात घालायचा नाही, कमेंट लिहायची. अगदीच डेडलाइन गळ्याशी आली तर घाल हात, पण मग दुसऱ्या दिवशी त्याला बसवून काय बदललं ते दाखव. नाहीतर त्या पोरांना पण सवय लागते, कसंही द्यायचं, दादा रात्री करून घेतोय.

दुसरी गोष्ट क्रमाची. तुझ्या पत्रावरनं दिसतंय की स्क्रिप्ट आली की थेट ॲनिमेशन सुरू होतं आणि क्लायंट पहिल्यांदा काही बघतो ते रेंडर झालेलंच. मग तो म्हणतो निळं नको हिरवं करा, सुरुवात मशीननं नको मालकानं करा, आणि सगळं परत पहिल्यापासनं. आधी स्टोरीबोर्ड, पेन्सिलचा असला तरी चालतोय. मग दोन-तीन स्टाइल फ्रेम, म्हणजे फायनल व्हिडिओ थांबवला तर जसा दिसेल तसं पूर्ण केलेलं चित्र. मग ॲनिमॅटिक, त्याच स्टोरीबोर्डची चित्रं टायमिंगवर लावायची, आवाज स्वतःच मोबाइलवर रेकॉर्ड करून टाकायचा. प्रत्येक टप्प्यावर एजन्सीचा मेलवर होकार घ्यायचा, व्हॉट्सॲपवरचा अंगठा नको. ॲनिमॅटिक पास झाल्याशिवाय एक कीफ्रेम पडली नाही पाहिजे. स्टोरीबोर्डमध्ये शॉट बदलायला दहा मिनिटं लागतात, रेंडर झाल्यावर तोच शॉट दोन दिवस खातो, हे तुला मी काय सांगायचं.

आणि हे काही बाहेरनं आलेलं खूळ नाही रे. आपल्या कोल्हापुरात बाबूराव पेंटर शंभर वर्षांपूर्वी पात्रांचे पोशाख, हालचाली, सगळं आधी स्केच करून मग शूटिंगला उभे राहायचे. नाटकाचे पडदे रंगवणारा माणूस, पुढं स्वतः कॅमेरा जुळवला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, सेट बघितले, आपल्याच सिनेमांची पोस्टरं रंगवली. पुढं प्रभात फिल्म कंपनी काढणारे शांताराम, दामले, फत्तेलाल ही माणसं त्यांच्याच हाताखाली तयार झाली. त्यांना कुणी क्रिएटिव्ह डिरेक्टर म्हणत नव्हतं पण काम बघ, तेच आहे, डोळा एकाचा आणि हात अनेकांचे. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो आणि आपल्याकडच्या आर्टच्या पोरांना ती नीट माहीत नसते याचं वाईटही वाटतं.

आता पैसे.

सेकंदावर रेट घेऊ नको. निदान डिरेक्शनचं काम असताना तरी नको. सहा सेकंदांचा लोगो रिव्हील, म्हणजे नुसता लोगो उलगडून दाखवणारा तुकडा, कधीकधी चाळीस सेकंदांच्या टेक्स्टवाल्या व्हिडिओपेक्षा जास्त दिवस घेतो. दिवसाचा रेट काढ आधी. समज घरखर्च, इंटरनेट, सॉफ्टवेअरची वर्गणी, नवीन मशीनसाठी बाजूला टाकायचे, आजारपण, टॅक्स, सगळं धरून महिन्याला तुला ६०,००० लागतात. महिन्यात तीस दिवस काम होत नाही, कोटेशन, मीटिंग, फोन, पैशाचा तगादा यात दिवस जातात, बिल लावता येतील असे १२ दिवस धर. म्हणजे ५,००० रुपये दिवस, हा तुझा तळ झाला, याच्या खाली उतरलास तर स्वतःच्या खिशातनं काम करतोयस. आकडे तुझे तू घाल, पद्धत ही ठेव.

मग कोटेशनमध्ये ओळी वेगळ्या पाड. कन्सेप्ट आणि स्क्रिप्ट. स्टोरीबोर्ड आणि स्टाइल फ्रेम. ॲनिमेशन. साउंड. साइज आणि भाषा, कारण आडवा व्हिडिओ उभा करणं म्हणजे नुसतं कापणं नसतं, लेआउट परत करावा लागतो, आणि मराठी, हिंदी, इंग्रजी तिन्ही पाहिजे असतील तर ते तीन वेळा तपासावं लागतं. आणि या सगळ्याच्या वर एक स्वतंत्र ओळ: क्रिएटिव्ह डिरेक्शन. तुझ्या जागी मी असते तर एकूण रकमेच्या साधारण पाचव्या भागापासनं सुरुवात केली असती. एजन्सी पहिली कात्री याच ओळीला लावणार, हे धरून चाल. त्यांना शांतपणे सांगायचं की ही ओळ काढली तर मी ॲनिमेटर म्हणून काम करीन, ब्रीफ, म्हणजे नेमकं काय पाहिजे ते ठरवणं, फ्रेमचे निर्णय, क्लायंटची मीटिंग तुमच्याकडचा माणूस बघेल. यात धमकी काही नाही, कामाची वाटणी आहे. बहुतेक वेळा ते काढत नाहीत, कारण तसा माणूस त्यांच्याकडं मोकळा नसतो म्हणून तर तुला विचारलंय.

बदल किती वेळा ते लिही, दोन राउंड ठीक आहेत, पुढचा प्रत्येक राउंड दिवसाच्या रेटनं. पास झालेल्या स्टोरीबोर्डमध्ये बदल म्हणजे नवीन काम, हे पण लिही. काम मध्येच बंद पडलं तर झालेल्या टप्प्याचे पूर्ण पैसे. प्रोजेक्ट फाइल द्यायची का नाही, द्यायची तर किती पैसे, हे आधीच ठरव, व्हिडिओ दिला म्हणजे फाइल पण दिली असं एजन्सी गृहीत धरते आणि मग तुझ्याच टेम्पलेटवर दुसरा कोणतरी स्वस्तात पुढचे दहा व्हिडिओ करतो. फॉन्ट आणि म्युझिकचं लायसन्स कुणाच्या नावावर घ्यायचं ते पण बोलून घे, क्लायंटच्या नावावर असलेलं बरं.

निम्मे पैसे काम सुरू व्हायच्या आधी. लाजू नको. आपल्याकडं माणूस ओळखीचा असला की पैशाचं बोलायला जीभ जड होते, आणि त्याच ओळखीत मैत्री तुटते.

थकलेल्या पैशांचं सांगते, हे नीट वाच. उद्यम रजिस्ट्रेशन करून घे, सरकारी वेबसाइटवर फुकट होतं, कुठल्या एजंटला पैसे देऊ नको. त्यानं तू सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदला जातोस, सेवा देणाऱ्यालाही हे लागू आहे. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघू, मध्यम उद्योगांच्या कायद्यानं अशा पुरवठादाराचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी काही नसेल तर १५ दिवसांत. उशीर केला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट व्याज, तेही दर महिन्याला चक्रवाढ. तक्रार ऑनलाइन करता येते आणि ती फॅसिलिटेशन कौन्सिलकडं जाते. शिवाय २०२४ पासनं इन्कम टॅक्समध्ये असं आहे की मुदतीत पैसे दिले नाहीत तर एजन्सीला तो खर्च प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत वजा दाखवता येत नाही, त्यामुळं मार्च जवळ आला की त्यांचा अकाउंटंटच तुझ्यामागं लागतो. फक्त मागच्या थकलेल्या बिलाला याचा उपयोग होईलच असं धरू नको, नवीन काम सुरू व्हायच्या आधी नोंदणी हातात पाहिजे आणि प्रत्येक इन्व्हॉइसवर उद्यम नंबर छापलेला पाहिजे. त्या तीन महिन्यांच्या बिलासाठी साधा उपाय, नवीन कामाचा ॲडव्हान्स आणि जुनी बाकी एकत्र आल्याशिवाय स्टोरीबोर्ड पाठवायचा नाही. "आमच्या क्लायंटकडनं आले की देतो" हे त्यांचं आणि त्यांच्या क्लायंटचं आहे, तुझा व्यवहार त्यांच्याशी आहे. आणि ज्युनियर पोरांना त्यांचे पैसे ठरल्या तारखेला दे, एजन्सीचे आलेले असोत नसोत. जे तुला नको वाटतंय ते त्यांच्यावर ढकलू नको.

टीडीएस, जीएसटी वगैरे सीएला विचार, एवढं लक्षात ठेव की सेवेचा व्यवसाय वर्षाला २० लाखांच्या वर गेला की जीएसटी नोंदणी लागते.

इथल्या क्लायंटबद्दल तू जरा कडू लिहिलंयस, ते मला पटलं नाही. उद्यमनगरचा कारखानदार "एवढ्याशा व्हिडिओला एवढे?" म्हणतो कारण त्याला तीस सेकंद दिसतात, त्यामागचे दिवस दिसत नाहीत. पण तोच माणूस कास्टिंगचा रेट विचारला की पॅटर्न म्हणजे साच्यासाठीचा नमुना, कोअर, मशीनिंग, रिजेक्शन सगळं हिशोबात धरतो. त्याच्याशी त्याच्या भाषेत बोल, स्टोरीबोर्ड घेऊन त्याच्या केबिनमध्ये बस, हा पॅटर्न झाला म्हण, हा पास झाला की ओतायचं, नंतर पॅटर्न बदलला तर परत खर्च. त्याला लगेच कळतं. आणि तो "व्हिडिओतनं जाळ निघाला पायजे" म्हणाला की ठिणग्या घालायची घाई करू नको, विचार की साहेब स्टॉलवर उभा राहिलेल्या माणसानं हा लूप बघून तुम्हाला काय विचारावं असं वाटतंय? त्या उत्तरात तुझा ब्रीफ असतो. शिरोली, गोकुळ शिरगावला वर्षानुवर्षं एक्स्पोर्ट करणारे कारखाने आहेत, हुपरीला चांदी आहे, इचलकरंजीला कापड आहे, यांतल्या कितीजणांकडं बघण्यासारखा एक व्हिडिओ आहे सांग.

मराठी अक्षरांचं पण तुझ्याकडं भांडवल आहे, ते तू पत्रात नुसतं ओझरतं लिहिलंयस. बाहेरच्या स्टुडिओंकडनं आलेल्या मराठी व्हिडिओत वेलांटी एकीकडं आणि अक्षर दुसरीकडं अशी वरात किती वेळा दिसते. अक्षर अक्षर उडवत आणणारा टेक्स्ट ॲनिमेटर देवनागरीवर लावला की जोडाक्षर फुटतं, मात्रा सुटी पडते, म्हणून शब्द धरून ॲनिमेट करायचं किंवा शेप करून हातानं तुकडे पाडायचे. आफ्टर इफेक्ट्समध्ये देवनागरीला चालणारं टेक्स्टचं सेटिंग निवडलेलं नसेल तर र्‍हस्व वेलांटी पण जागा सोडते. प्रेसमधनं जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेला मजकूर येतो तो आधी युनिकोड करून, वाचून घ्यायचा. तुझ्या ज्युनियरनं टॅगलाइनमध्ये "उद्योग" शब्दाचा द्य फोडलाय, तू लॅडल दुरुस्त केलंस पण हे तुझ्याही क्लिपमध्ये तसंच राहिलंय. ते आधी नीट कर.

पुण्याला जाऊ का. प्रभात १९२९ ला कोल्हापुरात निघाली आणि १९३३ ला पुण्याला गेली, त्यामुळं गाव सोडण्यात कमीपणा काही नाही, आपल्या गावानं ते मोठ्या कामासाठी आधीच केलंय. पण तुला नोकरीची गरज पैशासाठी आहे असं मला दिसत नाही, कोटेशन सुधारलं तर पैसे इथंही येतील. तुला एकच गोष्ट इथं मिळत नाहीये, चांगल्या डिरेक्टरच्या शेजारी बसून तो कामावर कमेंट कशी देतो, क्लायंटला नाही कसं म्हणतो, कुठला शॉट का काढून टाकतो ते बघायला मिळणं. यूट्यूब सॉफ्टवेअर शिकवतं, हे शिकवत नाही. त्यासाठी हे लाँच संपल्यावर पुण्या-मुंबईच्या एखाद्या मोशन स्टुडिओत काही महिन्यांचं प्रोजेक्टवरचं काम मिळतंय का बघ, ॲनिमेटर म्हणूनच जा, पैसे थोडे कमी असले तरी चालतील. घरच्यांना हे असं सांग, नोकरीला चाललोय म्हणून नको आणि नोकरी करणार नाही म्हणून पण नको. ते काळजीनं म्हणतायत, महिन्याला ठराविक पैसा येताना दिसला की त्यांचा आवाज खाली येईल.

नावाचं शेवटी सांगते. या लाँचच्या श्रेयात "डिरेक्शन" खाली तुझं नाव आणि "ॲनिमेशन" खाली त्या दोन पोरांची नावं, असंच शोरीलमध्ये, म्हणजे कामाच्या नमुन्यांच्या व्हिडिओत, आणि बिहान्स या पोर्टफोलिओच्या साइटवर लिही, पोरांचे शॉट स्वतःचे म्हणून दाखवू नको. प्रोफाइलवर सध्या "मोशन डिझायनर आणि डिरेक्टर" ठेव, ते खरं आहे आणि कुणी विचारलं तर दाखवायला काम आहे. क्रिएटिव्ह डिरेक्टर हे त्या दिवशी लाव ज्या दिवशी एखादी फिल्म तू एकही कीफ्रेम न टाकता पूर्ण करशील आणि ती तुला बघवेल. माझ्या अंदाजानं ते फार लांब नाही, ती दुसरी क्लिप बघून म्हणतेय.

एजन्सीला पाठवायचं नवीन कोटेशन तयार झालं की कंपनीचं नाव झाकून मला पाठव, ओळी आणि आकडे बघून सांगते कुठं कमी पडतोयस ते.